कोपऱ्यातला लिंबाचा थेंब

कोथरूडच्या त्या घरात मी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि पूर्वेच्या खिडकीतून ऊन तिरपं फरशीवर येत होतं. फरशीचं दुखणं बघायला तिरप्या उन्हासारखं दुसरं काही नाही. घरमालकांनी मला दारातच थांबवलं आणि बोट दाखवलं. "बघा. दोन वर्षंही झाली नाहीत. बोटिचिनो आहे, इटलीहून आलेला. नवा होता तेव्हा तोंड दिसायचं यात."

मलईच्या रंगाचा, बारीक तपकिरी रेषांचा तो संगमरवर सोफ्याखाली अजून आरशासारखा होता. पण स्वयंपाकघराच्या दारापासून जेवणाच्या टेबलापर्यंत एक रुंद पट्टा पार मेला होता. ऊन त्यावर पडत होतं आणि तिथंच जिरत होतं. दाराशी घरकामाच्या ताई बादली घेऊन उभ्या होत्या. "रोज पुसून घेतो, तरी हे असं," मालक म्हणाले आणि आवाज जराही न उतरवता पुढे म्हणाले, "हिनंच वाट लावलीय."

मी ताईंना विचारलं, "पुसायच्या पाण्यात काय घालता, ते जरा दाखवता?" त्यांनी सिंकखालून बाटली आणली. बाथरूमच्या टाइल्स धुवायचं ॲसिड होतं. "बाईंनीच दिली. टेबलाखालचे डाग निघत नाहीत म्हणून बादलीत दोन झाकणं टाकत जा म्हणाल्या."

माझ्या पिशवीत नेहमी एक लिंबू असतं. फ्रिज पुढे ओढला, मागच्या कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला कधी येणार नाही अशा ठिकाणी एक थेंब पिळला आणि पाच मिनिटं थांबलो. मग ओल्या फडक्याने टिपून घेतला. थेंबाच्या जागी चवळीच्या दाण्याएवढं फिकट वर्तुळ उमटलं होतं. बोट फिरवलं की कडेपर्यंत गुळगुळीत आणि आत किंचित खरखरीत. मालकांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. ताई मात्र उकिडव्या बसल्या, त्यांनीही बोट फिरवून पाहिलं, मग हॉलमधल्या पट्ट्यावर जाऊन तिथं फिरवलं.

"सारखंच लागतंय," त्या म्हणाल्या. "हा दगड लिंबानंसुद्धा जळतो? मग मला कुणी सांगितलं का नाही? माझ्या आणखी दोन घरांत असलीच फरशी आहे."

तीस वर्षं मी फरशी पॉलिशच्या कामात आहे. या धंद्यात मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले, चौरस फुटाला भाव काय, किती दिवस टिकेल, धूळ होईल का. पण ताईंचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. दगड निवडायला घरातले सगळे जातात, गोदामात उभं राहून नमुन्यांवर हात फिरवतात, लाखांत पैसे मोजतात. पुढे रोज सकाळी त्या दगडावर फडकं फिरवते ती बाई त्या निवडीच्या वेळी तिथं नसते, आणि नंतरही तिच्या पायाखाली काय आहे हे तिला कुणी सांगत नाही.

मी सोलापूरचा. वडील फरशी बसवायचे. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गुलबर्ग्याच्या पुढे शहाबाद लागतं, तिथल्या खाणींतून येणारी फरशी म्हणजे आमच्या घरचा अन्नदाता. शहाबादी हा चुनखडीचा दगड, थरांवर थर बसून झालेला, म्हणून तो थरातच उलगडतो. छन्नी योग्य रेषेवर बसली की हातोडीच्या चार ठोक्यांत अख्खी लादी सुटी होते. वडील नवीन फरशी अंगणात उभी करून बोटाच्या पेराने वाजवायचे. खणखणीत वाजली तर घरात, बद्द वाजली तर मोरीत किंवा गोठ्यात. बद्द आवाज म्हणजे आत थर सुटलेला, आज नाही तर चार वर्षांनी पापुद्रा निघणार. मीही अजून हातात आलेला दगड आधी वाजवतो.

१९९१ साली मी पुण्यात आलो आणि एका राजस्थानी उस्तादांच्या हाताखाली लागलो. मशीन धरायच्या आधी सहा महिने त्यांनी मला फक्त रबडी ओढायला लावली. दगड घासताना पाणी आणि भुकटी मिळून जो गाळ होतो त्याला आम्ही रबडी म्हणतो. ती वायपरने ओढत राहायची, बादल्या भरायच्या, गोणपाटातून गाळायची. तेव्हा राग यायचा. पण त्या सहा महिन्यांत रबडी बोटांत चोळून दगड ओळखायला शिकलो. संगमरवराची रबडी लोण्यासारखी मऊ, ग्रॅनाइटची मात्र कितीही बारीक झाली तरी बोटाला कचकचते, कारण त्यात गारगोटीचे कण असतात. लिंबाचा थेंबही उस्तादांचाच. कुठल्याही घरात गेले की चहाच्या आधी लिंबू. थेंब उठला तर चुनखडीच्या जातीचा दगड: मकराण्याचा संगमरवर असो, इटालियन असो, राजस्थानचा कोटा, आंध्रातला काळा कडप्पा किंवा आमची शहाबादी. थेंब उठला नाही तर ग्रॅनाइट, नाहीतर भट्टीतली टाइल. एवढ्या एका थेंबावर पुढचं सगळं ठरतं.

कारण साधं आहे. संगमरवर आणि चुनखडी मुळात कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की त्याचा विरघळणारा क्षार आणि पाणी होतं, आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांतून उडून जातो. दगडाचा वरचा पातळ पापुद्रा अक्षरशः वाहून जातो. त्या जागी मळ बसलेला नसतो, दगडच उणा झालेला असतो. म्हणून तो डाग घासून जात नाही, उलट घासत गेलं की वाढतो. मला बोलावलेल्या बहुतेक घरांत फरशी मळलेली नसते, स्वच्छ करण्याच्या नादात खाल्लेली असते. ॲसिड पहिल्या दिवशी साय काढल्यासारखी फरशी उजळवतं. मळ जातो, तो ज्या कातडीला चिकटला होता तीही जाते. मग उघडा पडलेला दगड दुप्पट मळ धरतो, पुन्हा ॲसिड ओतलं जातं. वर्षभर हे चाललं की मला फोन येतो.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतो, कारण ते माझ्या हातून झालेलं आहे. मशीन हातात येऊन वर्ष झालं होतं. शनिवार पेठेत एका आजींच्या घरी हॉलचं काम चालू होतं. उस्ताद जेवायला गेले होते. आजींच्या देवघराची बैठक मकराण्याच्या पांढऱ्या दगडाची होती. समईखाली तेलाचं पिवळं वर्तुळ आणि पुढे कुंकवाचे गुलाबी ओघळ. आजी म्हणाल्या, एवढं निघेल का रे? मला हुरूप आला. मोरीतलं ॲसिड पाण्यात पातळ केलं आणि ब्रशने फिरवलं. दगड उकळल्यासारखा फसफसला. पांढरा फेस दोन बोटं वर आला आणि खाली बसला. फडक्याने पुसलं तर कुंकू निम्मं गेलेलं, तेल जसंच्या तसं आणि बैठकीची सगळी चकाकी गेलेली. दगड खडूसारखा दिसत होता. माझ्या पोटात गोळा आला.

उस्ताद आले, त्यांनी बघितलं. ओरडले नाहीत. "अब हाथ से निकालेगा," एवढंच म्हणाले. मशीन देवघरात शिरणार नव्हतं. मी तीन दिवस गुडघ्यांवर बसून हातदगडाने ती दीड फुटांची बैठक घासली. आधी १२० नंबरची बत्ती, म्हणजे घासायचा दगड, मग २२०, ४००, ६००, प्रत्येक वेळी आधीच्या नंबरचा ओरखडा पूर्ण जाईपर्यंत. नंबर बदलायची घाई केली तर खरखरीत बत्तीचे ओरखडे चकाकीच्या खाली अडकून राहतात आणि उन्हात दिसतात. त्या तीन दिवसांत आजींनी देव पाटावर हलवले, तिथंच पूजा केली, मला दुपारचं जेवण वाढलं. एकदाही काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी देव परत बसले तेव्हा त्यांनी समईखाली पितळी ताटली ठेवली आणि मला विचारलं, "आता बरोबर ना?" मी त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

तेलाचं ते वर्तुळ मात्र तेव्हा माझ्या हातून निघालं नाही. तेल दगडात मुरलेलं असतं, वरून घासून तळाशी पोचता येत नाही. त्याला बाहेर ओढून घ्यावं लागतं. त्याची रीत लेपाची आहे, आणि ती मी बऱ्याच उशिरा शिकलो. ताजमहालाचा पिवळा पडलेला संगमरवर उजळायला पुरातत्त्व खात्याने १९९४ पासून वेळोवेळी मुलतानी मातीचा लेप दिला, तो याच तत्त्वावर. ओली माती दगडाला चिकटते, वाळताना आतलं ओढून घेते, मग धुऊन टाकायची.

लेपाचं मला आठवतं ते सगळ्यात अवघड काम एका लग्नघरातलं. मुलीची हळद हॉलमध्येच झाली होती. पांढऱ्या संगमरवरावर पाट मांडला, चौफेर रांगोळी, आणि हळद-तेल सगळीकडे उडालं. लग्नाच्या धावपळीत दोन दिवस कुणाचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी आईने धुण्याचा सोडा टाकून घासलं आणि डाग लाल झाले. त्या घाबरून फोनवर म्हणाल्या, "अहो, हळद होती, तिचं कुंकू झालंय!" आणि ते खरंच होतं. आपल्याकडे कुंकू करतातच हळदीला चुना लावून. हळदीतला रंग क्षारात लाल होतो, सोडाही क्षारच. मी त्यांना आधी नुसत्या पाण्याने चार वेळा धुऊन घ्यायला सांगितलं. लाली उतरून पुन्हा पिवळं झालं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यांच्या घरी गेल्यावर एक गोष्ट दिसली. बाल्कनीच्या दाराजवळचे डाग जवळजवळ उडाले होते आणि भिंतीकडचे ठळक होते. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे प्रत्येक गृहिणीला कपड्यांवरून माहीत असतं. बाल्कनीचे पडदे मी काढूनच टाकायला लावले. भिंतीकडच्या डागांना दोन लेप लागणार होते, एक तेलासाठी आणि एक रंगासाठी. खडूची पांढरी भुकटी ॲसिटोनमध्ये कालवली, दारं-खिडक्या उघड्या, देव्हाऱ्यातला दिवा शांत, गॅस बंद, कारण ॲसिटोन भपकन पेटतं. घट्ट श्रीखंडासारखा लेप डागाच्या बाहेर दोन बोटं जाईल असा, अर्धं बोट जाड थापला. वर प्लास्टिक, कडांना चिकटपट्टी. चोवीस तासांनी प्लास्टिक काढून लेप तसाच वाळू दिला. इथंच लोक घाई करतात. ओला असतानाच खरवडला तर काही उपयोग नाही. दगडातून निघालेलं तेल लेपात चढतं ते वाळतानाच. वाळून भेगा पडल्या की लाकडी पट्टीने उचलायचा. पहिला लेप खालच्या अंगाला पिवळसर तुकतुकीत निघाला. आईंनी तो तुकडा उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "एवढं तेल होतं आत?" मग दुसरा लेप, त्याच भुकटीचा, पण औषधाच्या दुकानात मिळतं त्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवलेला. दोनदा करावा लागला. पाचव्या दिवशी हॉल पांढरा होता. एका ठिकाणी मात्र, पाटाचा पाय होता तिथं, अगदी पुसट पिवळी छटा राहिली. मी तिसऱ्यांदा लेप देतो म्हटलं तर आई म्हणाल्या, "असू दे ती."

ओट्यांचं थोडक्यात सांगतो. काळा कडप्पा ग्रॅनाइटसारखा दिसतो आणि तिथंच फसगत होते. लिंबू चिरलं, चिंचेचा कोळ सांडला, कोकमाचं पाणी ओघळलं की त्यावर पांढुरके डाग उठतात. आपल्या आजी-पणजी त्यावर खोबरेलाचं बोट फिरवायच्या, डाग गडद होऊन मिसळून जायचा. ती बरोबरच रीत आहे, फक्त तेल अगदी थोडं हवं, नाहीतर धूळ धरतं. सिलिंडरखालचं गंजाचं कडं ग्रॅनाइटवर आणि टाइलवर ऑक्झॅलिक ॲसिडने निघतं. संगमरवरावर मात्र ऑक्झॅलिक असं ओतायचं नाही, तिथं ते कडं पडूच न देणं एवढंच आपल्या हातात. सिलिंडरखाली चाकांची लाकडी पाटी ठेवली की विषय संपला.

मला स्वतःला सगळ्यात जास्त माया आहे ती मोझॅकवर. १९३० आणि ४०च्या दशकांत दादर-माटुंग्याला ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांत अशा फरश्या अजून आहेत. खाली सिमेंटचा जाड थर आणि वरच्या थरात रंगीत सिमेंटमध्ये रोवलेल्या संगमरवराच्या चिप्स. ती फरशी पुन्हा पुन्हा घासता येते, दर वेळी आतून नवीन तोंड निघतं. दादरला एका घरी तीस-चाळीस वर्षांपूर्वी तिच्यावर प्लास्टिकचं शीट चिकटवलं होतं. मुलाला ते सगळं झाकून वरून विट्रीफाइड टाइल्स बसवायच्या होत्या. मी म्हटलं, मला फक्त एक कोपरा एक दिवस द्या. शीट सोललं, खालचा काळा चिकटा पट्टीने खरवडला, साठ नंबरची बत्ती लावून पाण्याखाली चार फूट जागा घासली. रबडी ओढली तेव्हा खाली हिरवी किनार होती आणि कोपऱ्यात लाल-पिवळ्या तुकड्यांची चांदणी. आतल्या खोलीतून त्यांच्या आत्या आल्या. त्या याच घरात वाढलेल्या. भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या, ओल्या चांदणीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "इथं आम्ही सागरगोटे खेळायचो. ही आमची घराची जागा होती."

ते काम तीन आठवडे चाललं. जिथं चिप्स उखडल्या होत्या तिथं पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग मिसळून भोकं भरली आणि ती चार-सहा दिवस ओली ठेवली. मग बारीक बत्त्या. शेवटी चौरस मीटरला साधारण ३३ ग्रॅम ऑक्झॅलिकची भुकटी भुरभुरून नमद्याने, म्हणजे लोकरीच्या जाड कापडाने, घासायचं. तुम्ही म्हणाल, आत्ताच तर हा म्हणाला संगमरवरावर ऑक्झॅलिक नको. फरक मापाचा आणि हाताचा आहे. नमद्याखाली ती भुकटी चुन्याशी मिळून वर न विरघळणारा पातळ थर बसवते. तीच भुकटी बादलीत कालवून ओतली तर फरशी खाते. आणि ती विषारी आहे, हातमोजे न घालता तिला हात लावायचा नाही. चकाकी उतरली त्या दिवशी आत्यांनी सगळ्यांना चपला दाराबाहेर काढायला लावल्या. त्यात मोठं शहाणपण आहे. चपलेखालची रेती कडकपणात सातच्या घरात असते, संगमरवर तीनच्या. प्रत्येक पाऊल म्हणजे एक बारीक बत्ती. म्हणून आधी कोरडा केर नीट काढायचा, मग ओलं फडकं. केर न काढता पुसणं म्हणजे रेती पाण्यात कालवून फरशी घासणं.

भट्टीतल्या टाइल्सची गोष्ट निराळी. बाथरूमच्या भिंतीवरची सिरॅमिक म्हणजे वर काचेसारखा लुकण, तो एकदा झिजला की संपला, तिथं पॉलिश होत नाही. विट्रीफाइड अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी पिते, म्हणून तिला फारसं काही लागत नाही. पण तिच्या सांध्यांत सिमेंट असतं आणि सिमेंट आम्लात झिजतं. दोन वर्षं ॲसिडने पुसलेल्या घरात टाइल नवी कोरी आणि सांधे पोकळ अशी अवस्था मी पाहिली आहे. उपनगरांत बोअरचं आणि टँकरचं पाणी जड, त्याचा पांढरा थर नळाखाली बसतो. तो क्षारच असल्यामुळे तिथं आम्ल चालतं, पण सौम्य. तांब्याभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व. त्याआधी सांध्यांवर साधं पाणी ओतायचं. सिमेंट पाणी पिऊन बसलं की आम्ल कमी पितं. दहा मिनिटांनी घासायचं आणि धुऊन टाकायचं. आणि अंघोळ झाल्यावर भिंतीवरून एकदा वायपर ओढला तर हे सगळं करायची वेळच येत नाही.

आता जे सांगतो ते सांगताना अजून माझा आवाज चढतो. एका नव्या सोसायटीत मी हॉलचं काम करत होतो. वीस-बावीस वर्षांची मुलगी आतली बाथरूम धूत होती. ॲसिडने डाग निघेना म्हणून तिने त्यावरच कपड्यांचं ब्लीच ओतलं. दार लावलेलं, खिडकी बंद. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मशीन थांबवलं तेव्हा खोकल्याचा आवाज आला, आणि दार उघडलं तर डोळ्यांत मिरच्या गेल्यासारखं झालं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, पहिल्या महायुद्धात तो हत्यार म्हणून वापरला होता. मुलगी दाराला टेकून खाली बसली होती. तिला ओढून बाल्कनीत आणलं, दारं उघडली, रिक्षातून दवाखान्यात नेलं. ती वाचली, पण पुढे बरेच दिवस तिचा खोकला गेला नाही. त्या घरच्या बाई मला म्हणाल्या, "बाटलीवर लिहिलेलं असतं की, वाचायला नको?" बाटलीवरचं ते लिखाण मी भिंग घेऊन वाचलं. मुंगीएवढी अक्षरं होती, आणि ती इंग्रजीत होती.

त्या दिवसापासून मी कामाच्या बोलणीत एक अट घातली. काम संपल्यावर फरशी पुसणाऱ्या ताईंना माझ्यासमोर अर्धा तास बसवायचं, आणि त्या अर्ध्या तासाचा पगार कापायचा नाही. काही मालकांना हे खटकतं. एकाने मला तोंडावर सांगितलं, "तुम्ही तुमचं काम करा." मी म्हटलं, हेही माझंच काम आहे, नाहीतर सहा महिन्यांत तुम्ही मला पुन्हा बोलवाल आणि दोष तिला द्याल. ओट्याच्या कपाटाच्या आत मी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवतो: हॉलमध्ये कुठला दगड, ओटा कशाचा, कशाने पुसायचं. वाचता न येणाऱ्या ताईंसाठी बाटल्यांना दोरे बांधतो. ॲसिडला लाल, ब्लीचलाही लाल, आणि लालवर लाल कधी ओतायचं नाही. दगडाच्या फरशीचा साधा साबण हिरव्या दोऱ्याचा, पाच लिटर पाण्यात एक झाकण. जास्त घातला तर चकाकी येत नाही, साय धरते आणि पाय चिकटतात.

या अर्ध्या तासात मीही पुष्कळ शिकलो. मोझॅकच्या कडेला काळी रेघ धरते ती फडकं भिंतीला टेकून ओढल्याने, हे मला एका मावशींनी दाखवलं. त्या भिंतीकडून बाहेर ओढतात, बाहेरून भिंतीकडे कधीच नाही. दुसऱ्या एकीने सांगितलं की पावसाळ्यात जिन्याजवळची शहाबादी पांढरी होते ती मळाने नाही, जमिनीतली ओल वर येऊन लोणा धरतो म्हणून. ती तो कोरड्या ब्रशने झाडते आणि पाणी लावतच नाही. बरोबर होतं तिचं. कुठल्याही इंजिनिअरने हेच सांगितलं असतं. माझे गुडघे आता दुखतात, तिचेही दुखतात. आम्ही दोघं एकाच उंचीवरून ते घर बघतो. ज्या दगडाला सोफ्यावर बसलेले फरशी म्हणतात, त्याची प्रत्येक शीर आम्हाला माहीत असते.

कोथरूडचा तो हॉल मी पाच दिवसांत परत आणला. ताईंनी त्या पाच दिवसांत प्रत्येक बत्तीचा नंबर विचारून घेतला. निघताना मी त्यांच्या हातात एक लिंबू ठेवलं.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. "दादा, नवीन घर धरलंय, कर्वेनगरला. ओटा काळा कुळकुळीत. बाई म्हणाल्या ग्रॅनाइट आहे, कशानंही घासा. मी आधी गॅसच्या मागं कोपऱ्यात थेंब टाकला. पांढरं उमटलं."

"मग कडप्पा असणार."

"मला पण तेच वाटलं. बाईंना नेऊन दाखवलं. म्हटलं, लिंबं-चिंच ताटलीत घेत जा, ओट्यावर नको. त्या हो म्हणाल्या. आता त्या पांढऱ्यावर खोबरेल लावू का?"

"लावा. एक बोटभर. रात्रभर ठेवा आणि सकाळी कोरड्या फडक्याने टिपून काढा."

"बरं. बाथरूमच्या भिंतीला टाइल्स आहेत, ते कळतं. पण खाली तिथं काहीतरी वेगळंच बसवलंय, करड्या रंगाचं. वाजवून पाहिलं, खणखणीत आहे. थेंब अजून टाकला नाही. उद्या गेले की टाकते आणि सांगते तुम्हाला."